स्वप्नात दिलेलं राज्य



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून ओळखीच्या अनेकांनी मला एकच गोष्ट विचारली. "म्हणजे कुठल्या सिनेमात कुठवर स्वप्न आणि कुठून खरं, हे तुम्ही उलगडून दाखवणार ना?" अपेक्षा स्वाभाविक आहे. चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि जिना उतरता उतरताच वाद सुरू होतो. ती बाई खरोखर आली होती का? तो माणूस शेवटी जागा झाला की नाही? हा वाद मला आवडतो आणि मी तो पुष्कळ घातला आहे. पण त्यात एक अडचण आहे. उत्तर सापडलं की चित्रपटाशी आपला संबंध संपतो. जी गोष्ट मनात घोळत राहायची, ती एका वाक्यात आवरून आपण घरी जातो. म्हणून आज मी त्या प्रश्नाशेजारी आणखी एक प्रश्न ठेवणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या सरांचा तो प्रश्न आहे.

सरांची फिल्म सोसायटी शाळेच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये भरायची. खिडक्यांना काळं कापड लावलेलं असे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून १६ मिलिमीटरच्या प्रिंटा यायच्या आणि रीळ बदलताना दिवे लावावे लागायचे. त्या दिव्यांतच चर्चेला तोंड फुटे. 'हे स्वप्न होतं की खरं' असा वाद पेटला की सर शांतपणे म्हणत, "ते राहू दे. जागा झाल्यावर त्यानं काय केलं ते सांगा." तेव्हा आम्हाला वाटायचं, सर विषय बदलताहेत. आज वाटतं, ते आम्हाला विषयाकडे नेत होते.

आधी पडद्यावर नेमकं काय घडतं ते पाहू. कथालेखकाच्या हाताशी एक सोय असते. 'त्याला भास झाला की' एवढं लिहिलं की पुढचं सगळं कुठल्या खात्यात टाकायचं ते वाचकाला कळतं. कॅमेऱ्याला अशी सोय नाही. त्याच्यासमोर झाड उभं केलं तर झाड उमटतं. ते अंगणातलं असो की स्वप्नातलं, पानं तितकीच हलतात आणि ऊन तितकंच पडतं. पडद्यावर जे दिसतं ते आत्ता, या क्षणी घडत असतं. 'हे खोटं आहे' असं म्हणण्याची ताकद चित्रात नाही. ती बाहेरून आणावी लागते.

म्हणून सिनेमाने खुणा तयार केल्या. चौकट लहरायला लागायची, भिंग धूसर व्हायचं, जमिनीलगत धुराचे लोट यायचे, मागे वीणा किंवा हार्प झंकारायची. प्रेक्षकाला सांगून ठेवायचं, की बाबा रे, आता स्वप्न. हिचकॉकला या धुराचा कंटाळा होता. १९४५च्या 'स्पेलबाउंड'साठी त्याने साल्वादोर दालीला बोलावून घेतलं ते त्याचसाठी. दालीच्या चित्रांत उन्हाची धार असते, सावल्या लांब आणि कडा कापल्यासारख्या स्वच्छ असतात. हिचकॉकला स्वप्न जागेपणीपेक्षा जास्त स्पष्ट हवं होतं. दालीने रेखाटलेल्यापैकी बरंच शेवटच्या संकलनात उडालं, पण मुद्दा टिकून राहिला. आपलीही स्वप्नं आठवून पाहा. ती पाहत असताना त्यांत धुकं नसतं. धुकं येतं ते सकाळी, आठवताना.

लुई बुन्युएल याच्याही पुढे गेला. त्याने खुणाच काढून टाकल्या. १९७२चा त्याचा 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी' पाहा. काही सभ्य माणसं जेवायला बसतात, अचानक पडदा वर जातो आणि कळतं की आपण रंगमंचावर आहोत, समोर प्रेक्षक आहेत आणि संवाद कुणालाच पाठ नाहीत. एकजण दचकून जागा होतो. आपण सुटकेचा श्वास सोडतो. काही वेळाने दुसराच माणूस जागा होतो आणि सांगतो, की त्या पहिल्याला स्वप्न पडल्याचं स्वप्न मला पडलं. इथे सीमारेषा पुसट झालेली नाही. ती मुळात चित्रात नव्हतीच, हे बुन्युएलने उघड केलं. ती आपण सवयीने ओढत होतो.

मग आपल्या हातात काय उरतं? माझ्या मते, सरांचा प्रश्न उरतो. पडद्यावरचं स्वप्न खरं नसेल, पण ते त्या माणसाला पडलं हे तर खरं. जे पडलं त्याचं काही देणं त्याच्या डोक्यावर येतं का? आणि आलं, तर ते तो फेडतो की झटकून टाकतो?

हा विचार आपल्याकडे नवा नाही. हरिश्चंद्राची गोष्ट आपण लहानपणी ऐकली ती कशी? राजाने स्वप्नात विश्वामित्राला राज्य दिलं. सकाळी विश्वामित्र दारात उभे. कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, ऋषिवर्य, ते स्वप्न होतं. हरिश्चंद्र तसं म्हणत नाही. मी दिलं की नाही, एवढंच तो पाहतो. दिलं असेल तर राज्य गेलं. पुढे तारामती, रोहिदास, डोंबाघरचं स्मशान हे सगळं एका स्वप्नाचा शब्द पाळण्यातून येतं. भारतातला पहिला कथाचित्रपट याच राजावरचा असावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. फाळक्यांनी मात्र स्वप्नाची कथा घेतली नाही. त्यांच्या चित्रपटात राजा शिकारीला जातो, विश्वामित्राच्या यज्ञात त्याच्याकडून विघ्न येतं आणि प्रायश्चित्त म्हणून तो राज्य देतो. त्यांनी ही वाट का निवडली यावर मी अंदाज करणार नाही. पण स्वप्नाशी फाळक्यांचा संबंध निराळ्या जागी आहे. १९१०च्या सुमारास मुंबईत 'लाइफ ऑफ क्राइस्ट' पाहताना आपल्या मनापुढून कृष्ण आणि राम सरकत होते, असं त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं. डोळ्यांपुढे एक चित्रपट, मनापुढे दुसरा. आणि त्या दुसऱ्याचं देणं त्यांनी कसं फेडलं ते आपल्याला ठाऊक आहे. घरातल्या वस्तू गहाण पडल्या, सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

संतांकडे वळलात तरी हेच दिसेल. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्वाचं काम सोपवून गेले, असं तुकोबा स्वतः सांगतात. बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश स्वप्नातच झाला, आणि त्या उपदेशापायी त्यांनी नवऱ्याचा मार सोसला. मार स्वप्नातला नव्हता. एका स्वप्नाची किंमत जागेपणी, अंगावर मोजली गेली. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये, १९३६ साली, दामले-फत्तेलाल यांना हे नेमकं उमगलं होतं असं मला वाटतं. त्या चित्रपटातले चमत्कार धुरात गुंडाळलेले नाहीत. जिजाईची म्हैस ज्या प्रकाशात दिसते त्याच प्रकाशात वैकुंठाचं विमान उतरतं. भक्ताचा विश्वास आणि जिजाईचा त्रागा, दोन्हींना पडद्यावर सारखं वजन मिळतं.

आता लोकप्रिय हिंदी सिनेमाकडे येऊ, कारण स्वप्नदृश्य म्हटलं की आपल्या पिढीला आधी 'आवारा' आठवतो. १९५१ सालचा. त्याचं कलादिग्दर्शन केलं होतं एम. आर. आचरेकर या मराठी चित्रकाराने, छायाचित्रण राधू कर्मकार यांचं आणि नृत्यं सिमकी यांची. ढगांतून वर जाणारा वळणदार जिना, वर नर्गिस, खाली ज्वाळांत राज कपूर, मधे प्रचंड मूर्ती आणि सुरा घेऊन उभा असलेला डाकू जग्गा. हे दृश्य आज कुणी थाटमाट म्हणून बाजूला सारतं, तेव्हा मला वाईट वाटतं. आचरेकर उत्तम रेखाटनकार होते आणि त्यांनी ती जागा चित्राच्या शिस्तीने बांधली. वर-खाली या एका अक्षावर सारं दृश्य उभं आहे. नायक चोर आहे, त्याचं प्रेम न्यायाधीशाच्या घरात वाढलेल्या मुलीवर आहे, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या समाजाने आधीच व्यापल्या आहेत. हे सांगायला संवादांचे दहा प्रसंग लागले असते. आचरेकरांनी ते एका जिन्यात सांगितलं. आणि सरांचा प्रश्न इथे विचारला की उत्तर लगेच मिळतं. जागा झाल्यावर राज चोरी सोडायचं ठरवतो. जग त्याला ते सहजी करू देत नाही, ही पुढची कथा. स्वप्नात 'मला हा नरक नको' असं ओरडलेला माणूस सकाळी त्या ओरडण्याला बांधला गेला.

पंधरा वर्षांनी, १९६६ साली, सत्यजित राय यांनी 'नायक'मध्ये स्वप्न वापरलं. तेही पैशाचं आणि पतनाचं. बंगाली चित्रपटांचा लाडका नट अरिंदम मुखर्जी पुरस्कार घ्यायला आगगाडीने दिल्लीला निघाला आहे. भूमिका उत्तमकुमारची, जो स्वतःच बंगालचा सर्वांत लाडका नट होता. डब्यात त्याला डुलकी लागते. नोटांचे ढीग दिसतात, टेकड्यांसारखे. तो आनंदाने त्यांतून चालतो. मग टेलिफोनची घंटी वाजू लागते. ढिगांतून वर आलेल्या सापळ्यांच्या हातांत टेलिफोन आहेत. पाय रुतायला लागतात. समोर शंकरदा उभे आहेत, ज्यांनी त्याला नाटकात घडवलं आणि सिनेमात जाऊ नकोस म्हणून बजावलं. तो हात पुढे करतो, आणि तो हात शंकरदांच्या हातापर्यंत पोचत नाही. तो नोटांत बुडतो.

काही समीक्षकांना हे स्वप्न फार सरळ वाटतं. पैसा म्हणजे दलदल, असं बोट ठेवून दाखवलेलं. त्यात तथ्य आहे. पण रायांनी खरं काम स्वप्नात केलेलंच नाही, स्वप्नानंतर केलं आहे. अरिंदम उठतो तो हललेला माणूस म्हणून. त्याच गाडीत अदिती नावाची तरुण संपादिका आहे, शर्मिला टागोरने तिचं काम केलं आहे. ती बायकांच्या एका मासिकासाठी त्याची मुलाखत मिळते का ते पाहते आहे. एरवी असल्या मुलाखतींत तो ठरलेलं गोड हसून चार ठरलेली वाक्यं बोलला असता. आता तो शंकरदांविषयी बोलायला लागतो. मग जुन्या नटाविषयी, ज्याने त्याचा अपमान केला आणि ज्याचा त्याने पुढे सूड घेतला. मग कामगारांच्या लढ्यातल्या मित्राविषयी, ज्याच्यासाठी तो एका सभेत उभा राहू शकला नाही. एकेक देणं बाहेर येत जातं. दिल्ली जवळ येते तेव्हा अदिती तिची सगळी टिपणं फाडून टाकते. मला हा प्रसंग भारतीय सिनेमातल्या सर्वांत सभ्य प्रसंगांपैकी एक वाटतो. एका माणसाने झोपेत पाहिलेलं दुसऱ्या माणसाने जागेपणी जपलं. ते छापायचं नाही, असं ठरवलं.

इथवर स्वप्न पाहणारा जागा होत होता. तो जागाच झाला नाही, तर? मला सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवायचा आहे, तो चित्रपट हा प्रश्न विचारतो. आंद्रेई तार्कोव्स्कीचा पहिला कथाचित्रपट 'इव्हान्स चाइल्डहूड', १९६२.

व्लादिमीर बोगोमोलोवची मूळ कथा कोरडी, सैनिकी ढंगाची आहे. दुसऱ्या महायुद्धात आईबाप गमावलेला बारा वर्षांचा मुलगा सोव्हिएत सैन्यासाठी शत्रूच्या हद्दीत हेरगिरी करतो. तार्कोव्स्कीच्या हाती हा चित्रपट अर्धवट आला. आधीच्या दिग्दर्शकाचं काम स्टुडिओने थांबवलं होतं. कथेत नसलेली स्वप्नं त्याने त्यात आणली, आणि एका युद्धकथेचा कणाच बदलून गेला.

चित्रपट सुरू होतो तो उन्हाळ्यात. मुलगा, कोळ्याचं जाळं, कोकिळेचा आवाज, शेळी, फुलपाखरू. मुलगा तरंगत झाडांवरून जातो. आई पाण्याची बादली घेऊन उभी आहे. तो बादलीत तोंड घालून पाणी पितो, आईला काही सांगतो, आणि एक धमाका होतो. मुलगा एका मोडक्या पवनचक्कीत जागा होतो. बाहेर युद्ध आहे, आणि चिखलाच्या पाण्यातून त्याला नदी ओलांडायची आहे. वादिम युसोवच्या छायाचित्रणात युद्धाचा प्रदेश सपाट, काळा आणि जळक्या खोडांचा आहे, तर स्वप्नातला भरगच्च आणि ओला. क्षणभर वाटतं, यातलं खरं कोणतं? नीट पाहिलं तर हिशोब सरळ आहे. स्वप्नातला मुलगा हाच इव्हानच्या खऱ्या वयाचा मुलगा आहे. जागेपणी जो आहे त्याला युद्धाने घडवलं आहे. तो अधिकाऱ्यांवर खेकसतो, मुख्यालयाला फोन लावायला भाग पाडतो, शाळेत पाठवतो म्हटलं की पळून जातो.

दुसरं स्वप्न विहिरीचं. आई त्याला सांगते, की खूप खोल विहिरीत भर दिवसाही तारा दिसतो. तो वाकून पाहतो. पुढच्याच क्षणी तो विहिरीच्या तळाशी आहे आणि पाण्यात तारा धरायला पाहतो आहे. वरून बादली कोसळते. आई विहिरीपाशी जमिनीवर पडलेली, तिच्या अंगावर पाणी उसळतं. या स्वप्नाचं देणं इव्हान कसं फेडतो? सूडाने. तो प्रत्येक वेळी नदीपार जातो तो त्या विहिरीपाशी पडलेल्या बाईसाठी. स्वप्न माणसाला उदात्तच करतं असं मी मुळीच म्हणत नाही. या मुलाला ते मृत्यूकडे ढकलतं.

आणि मग शेवट. बर्लिन पडलं आहे. इव्हानला ओळखणारा तरुण अधिकारी गाल्त्सेव्ह नाझींच्या कार्यालयात विखुरलेल्या कागदांत फिरतो आहे. फाशी दिलेल्यांच्या फायली. त्यात त्याला इव्हानचा फोटो सापडतो. मुलगा मेला आहे. यानंतर पडद्यावर पुन्हा ऊन येतं. नदीकाठची वाळू, आई, बादली, लपंडाव खेळणारी मुलं. इव्हान एका मुलीच्या मागे पाण्याच्या कडेने पळतो, तिला मागे टाकतो, पळतच राहतो. पुढे एक काळं, वठलेलं झाड.

हे स्वप्न कुणाचं? पाहणारा तर उरला नाही. सरांच्या सोसायटीत यावर भांडण झालं होतं. कुणी म्हणालं, फाशीआधीचं शेवटचं स्वप्न असेल. कुणी म्हणालं, गाल्त्सेव्ह फायलीवरचा फोटो पाहून कल्पना करतो आहे. सरांनी विचारलं, "मग जागा कोण झाला?" हॉलमध्ये दिवे लागले होते. जागे आपणच झालो होतो. मला आजही हेच उत्तर पटतं. स्वप्न पाहणारा मुलगा मेला, म्हणून त्याचं स्वप्न आपल्याला पडलं. ते आता आपल्याकडे आहे.

या चित्रपटाला १९६२ साली व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला, इटालियन दिग्दर्शक झुर्लिनीच्या चित्रपटाबरोबर विभागून. पाठोपाठ इटलीतल्या डाव्या वर्तुळांतून टीका झाली, की ही प्रतीकं, ही स्वप्नं म्हणजे बूर्झ्वा थाट आहे. तेव्हा जाँ-पॉल सार्त्रने 'लुनिता' या कम्युनिस्ट वृत्तपत्राला पत्र लिहून तार्कोव्स्कीची बाजू घेतली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की युद्धाने पोळलेल्या या मुलाच्या बाबतीत दिवस आणि रात्र वेगळे करता येतच नाहीत. जगच जिथे भ्रमासारखं झालं, तिथे स्वप्नाला पळवाट म्हणणं अन्यायाचं आहे. आज युद्धात सापडलेल्या मुलांचे चेहरे आपण रोज पाहतो. सार्त्रचं म्हणणं अजून जुनं झालेलं नाही.

इथे एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. आपल्यातले काहीजण मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतात. ते म्हणतील, ही पुसट रेषा तुम्हाला काव्यमय वाटते, पण जिच्या घरात ती रोज पुसली जाते तिला विचारा. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो मराठी सिनेमाने स्वतःच मांडला आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४चा 'देवराई' स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या शेषची गोष्ट सांगतो. अतुल कुलकर्णीने तो उभा केला. कोकणातली देवराई शेषच्या मनात इतकी शिरली आहे की राई आणि मन यांच्यात कुंपण उरलेलं नाही. दिग्दर्शक आपल्याला त्याचे आवाज ऐकवतात, त्याचं रान दाखवतात. पण ते तिथेच थांबत नाहीत. बहीण आहे, सोनाली कुलकर्णीने साकारलेली. तिचा संसार आहे, तिची दमणूक आहे, औषधं आहेत. शेषच्या भासांचं देणं कुणावर येऊन पडतं, ते हा चित्रपट दाखवतो. भास सुंदर आहेत म्हणून आजार सुंदर ठरत नाही, हे भान भावे-सुकथनकरांनी एक क्षणही सोडलं नाही.

याच्या अगदी उलट टोकाला डेव्हिड लिंचचा 'मलहॉलंड ड्राइव्ह' आहे, २००१चा. त्याचा मोठा भाग एका अमेरिकन दूरचित्रवाणी वाहिनीसाठी बनला होता. वाहिनीने तो नाकारला आणि लिंचने पुढे त्याला चित्रपटाचं रूप दिलं. पहिला दोनतृतीयांश भाग म्हणजे डायान या हरलेल्या नटीचं स्वप्न, हा उलगडा आता सर्वांना पाठ आहे. तो बहुधा बरोबरही आहे. पण क्लब सिलेन्सियोचा प्रसंग त्या उलगड्यात मावत नाही. मंचावरचा माणूस स्पष्ट सांगतो, की इथे वाद्यवृंद नाही, सगळं ध्वनिमुद्रित आहे. मग एक गायिका येते, गाते, आणि समोर बसलेल्या दोघी नायिका हमसून रडू लागतात. गायिका कोसळते. गाणं चालूच राहतं. खोटं आहे हे आधी सांगितलेलं होतं. रडणं तरीही आलं, आपल्यालाही. चावी लावून कुलूप उघडणाऱ्यांनी या रडण्याचं काय करायचं ते मला सांगावं.

शेवटी एका मल्याळी चित्रपटाविषयी बोलायचं आहे, कारण अलीकडे मला सर्वांत जास्त छळलं ते त्यानेच. लिजो जोस पेल्लिशेरीचा 'नन्पकल नेरत्तु मयक्कम', २०२२. भर दुपारची गुंगी, असा नावाचा अर्थ. वेलांकन्नीची यात्रा करून केरळात परतणारी बस. त्यात जेम्स, मामुट्टीने केलेला, जरा चिक्कू, तमिळ जेवणाला आणि तमिळ गाण्यांना नाक मुरडणारा. दुपारी सगळे पेंगतात. जेम्स जागा होतो, बस थांबवायला सांगतो आणि शेतातून चालत एका तमिळ खेड्यात शिरतो. दोरीवरची लुंगी नेसतो. गाईला चारा टाकतो. एका घरात मालकासारखा वावरतो. तो आता सुंदरम आहे, दोन वर्षांपूर्वी त्या घरातून नाहीसा झालेला माणूस. चहात साखर नको म्हणणारा आता साखर मागतो.

दिग्दर्शकाने इथे एकही खूण केलेली नाही. कॅमेरा जवळजवळ हलत नाही. सबंध गावात कुठून ना कुठून जुन्या तमिळ सिनेमांची गाणी आणि संवाद ऐकू येत राहतात. कुणाच्या तरी घरचा टीव्ही, कुणाचा रेडिओ. आंधळी म्हातारी आई टीव्हीपुढे बसून आवाजावरून त्याला लेक म्हणून स्वीकारते. दुसऱ्या दुपारी त्याला पुन्हा झोप लागते, आणि उठतो तो जेम्स होऊन. मंडळी बसमध्ये बसतात. बस निघते.

हा चित्रपट पाहताना मला योगवासिष्ठातला लवण राजा आठवत राहिला. दरबारात एक जादूगार मोरपिसांचा कुंचा फिरवतो आणि राजा घोड्याकडे पाहत थिजतो. घटकाभराने भानावर येतो तेव्हा त्याने एक अख्खं आयुष्य जगलेलं असतं. घोड्याने त्याला रानात नेलं, तिथे चांडाळकन्येशी लग्न झालं, मुलं झाली, म्हातारपण आलं, दुष्काळ पडला. सगळं सांगून झाल्यावर दरबार म्हणतो, माया. राजा मात्र दुसऱ्या दिवशी सैन्य घेऊन विंध्याच्या रानात जातो. आणि ते गाव तिथे असतं. त्याची सासू जावयासाठी, लेकीसाठी, नातवंडांसाठी रडत बसलेली असते. ग्रंथाला यावर अध्यात्माचं पुष्कळ काही सांगायचं आहे, आणि ते वसिष्ठांनी सांगितलंही आहे. मला त्या राजाचं जाणं महत्त्वाचं वाटतं. तो परत गेला.

आणि इथे पेल्लिशेरीशी माझं भांडण आहे. त्या घरात पूंकुळली आहे, सुंदरमची बायको. दोन वर्षं नवऱ्याची वाट पाहिलेली. एक अनोळखी माणूस येतो, नवऱ्यासारखा बोलतो, घरातल्या वस्तू नवऱ्यासारख्या हाताळतो, एक रात्र आणि अर्धा दिवस राहतो आणि निघून जातो. जेम्सची बायको सॅली तेवढा वेळ त्याच गावात भेदरून बसलेली. दोघींच्या वाट्याला दिग्दर्शकाने फार थोडं बोलणं ठेवलं आहे. चेहरे दिले आहेत आणि ते विलक्षण आहेत, पण चेहऱ्यावर भागवलं आहे. व्ही. शांतारामांचा 'नवरंग' आठवा, १९५९चा. 'दो आँखें बारह हाथ'च्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना डोळ्यांना इजा झाली आणि त्या अंधारात शांतारामांना रंग सुचले, हे आपल्याला माहीत आहे. 'नवरंग'मधला कवी दिवाकर बायकोलाच कल्पनेत मोहिनी करून तिच्यावर गाणी रचतो, आणि घरातली जमुना त्या मोहिनीच्या मत्सराने होरपळते. मोहिनी आपणच आहोत हे तिला ठाऊक नसतं. तो चित्रपट आज भडक वाटतो, पण त्याने जमुनेला भांडू दिलं, घर सोडून जाऊ दिलं. स्वप्न पुरुषाला पडतं आणि त्याची वसुली घरातल्या बाईकडून होते, हे तिच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळालं. पूंकुळलीच्या तोंडून काहीच ऐकायला मिळत नाही.

लवणाने त्या म्हातारीचं ऐकून घेतलं, तिचं दुःख हलकं केलं, आणि मग तो राजधानीला परतला. जेम्सला पुन्हा त्या गावी जावंसं वाटलं असेल का, हे चित्रपट सांगत नाही. सर असते तर त्यांनी मला लगेच थांबवलं असतं आणि विचारलं असतं, की दिग्दर्शकाने दाखवलं नाही त्याचा जाब जेम्सला का विचारतोस. त्यांच्याशी हा वाद घालायला मला फार आवडलं असतं. आता तो तुमच्याशी घालतो. चहाच्या वेळात पूंकुळलीविषयी ज्यांना बोलायचं असेल त्यांनी जरूर थांबावं.